सोमाजीच्या सभेचं शॉर्टहँड

ब्रह्मपुरीच्या बाबूभाईंची सारी नोकरी साहेबांचं बोलणं शॉर्टहँडमध्ये उतरवण्यात गेली. पदरचा एक शब्द त्यांनी कधी कागदावर घातला नाही. म्हणूनच मच्छीमार संस्थेच्या सोमाजीने त्यांना गावात बोलावलं.

रोहू माशाचं बीज मोठ्या तलावात सोडायचं की बोडीच्या लहान तळ्यात, हे दर साली सभेत ठरायचं. सभा उठली की जो तो म्हणायचा, "मी असं बोललोच नाई." गेल्या साली मोबाइलवर रेकॉर्ड केलं, तर हेमराज म्हणाला, हा आवाजच माझा नाई. यंदा बोललेलं लिहून, वाचून दाखवून, खाली अंगठे घ्यायचे होते. बीजाच्या पिशव्या घेऊन गाडी तलावाच्या पाळीवर, बांधावर उभी होती. ऊन चढायच्या आत निकाल लागला नाही, तर बीज पिशवीतच मरणार.

बाबूभाईंनी पेन्सिल उचलली. सभा गप्प.

"बोला ना," सोमाजी म्हणाला.

"आमचं काही म्हणणं नाई," हेमराज पेन्सिलीकडे पाहत म्हणाला. "अन् हे पण लिवू नका."

चंदाबाई एरवी बोलली की पलीकडच्या पाळीवरचे बगळे उडायचे. तीही पदर तोंडाला लावून बसली. गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. शेवटी बाबूभाईंनी पेन्सिल खिशात घातली. "बीज तलावातच सोडा," हेमराज लगेच म्हणाला.

"तलावात?" चंदाबाई उठली. "तिथल्या मरळी सारं बीज खाऊन टाकतीन. हेमराज, तुया डोक्यात शेवाळ हाय काय?"

"अन् बोडी चैतात आटली, का मासे तुमच्या चुलीवर ठेवू?"

मग सगळेच बोलले, एकदम. बाबूभाईंचा हात खिशाकडे गेला की आवाज उतरायचे. चहा संपेस्तोवर ठरलं: बीज आधी बोडीत, बोटभर झालं की तलावात.

"वाचा आता," सोमाजी म्हणाला.

वही कोरी होती. बाबूभाईंनी मनातल्या मनात अल्लाची माफी मागितली आणि वही तोंडासमोर धरली. "श्रीमती चंदाबाई यांनी नम्रपणे निदर्शनास आणले की, तलावात मरळींचा उपद्रव आहे. हेमराज यांनी त्यांचे आभार मानून बोडी आटते याकडे लक्ष वेधले."

हेमराजची छाती फुगली. "अगदी हेच बोललो मी."

"माह्यं पुन्हा वाचा," चंदाबाई म्हणाली.

"श्रीमती चंदाबाई यांनी निदर्शनास आणले..."

"थांबा. मंगाशी मी नम्रपणे होती."

"होतात."

"मंग काऊन काढलं?"

बाबूभाईंनी पेन्सिल काढून तेवढा शब्द लिहिला. चंदाबाईने वाकून पान पाहिलं.

"एवढ्याशा रेघेत सारी सभा मावली काय?"

"शॉर्टहँड आहे, बाई. जागा कमी लागते."

सोमाजीने शाईचा पॅड उघडला आणि गाडीवाल्याला बोडीकडे हात केला.