यावलचा पिचर

मजीद तडवी कुवेतमध्ये वारला आणि त्याला तिथंच माती दिली, हे चंद्रहास बोरोलेला तीन आठवड्यांनी कळलं. फोन यावलहून होता, मजीदच्या धाकट्या बहिणीचा, अफ्रीनचा.

"चंदूभाऊ, तुमचा नंबर बेसबॉलच्या सरांकडून घेतला. भाऊ गेला. झोपेतच, हार्टनं. कंपनीवाले म्हणाले, बॉडी पाठवायला बरेच दिवस लागतील. माय म्हणाली, इतके दिवस त्याला ताटकळत ठेवू नका, तिथंच माती द्या. आता रोज म्हणते, मला कबर दाखवा. तुम्ही तिकडंच आहात ना?"

चंद्रहास कुवेतमध्येच, एगैला भागात राहायचा, तेल कंपनीत इंजिनिअर होता. मजीद पाच वर्षं अब्बासियात, गाडीनं अर्ध्या तासावर होता, हे त्याच्या कानावरही आलं नव्हतं.

वीसेक वर्षांपूर्वी जळगाव जिल्ह्यात बेसबॉल म्हणजे मजीद तडवी, असं समीकरण होतं. तो चेंडू टाकणारा पिचर, चंद्रहास तो झेलणारा कॅचर. ज्युनियर नॅशनलच्या फायनलचा त्याचा फोटो पेपरात पहिल्या पानावर आला आणि यावलच्या स्टँडवर लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. मात्र त्या मॅचचा आठवा डाव संपल्यावर मजीद चंद्रहासला म्हणाला होता, "खांद्यात आग होतेय रे. सरांना सांग, दुसऱ्याला टाकू द्या." चंद्रहास म्हणाला, "एकच डाव राहिलाय. काढ." सरांना त्यानं काही सांगितलं नाही. मॅच जिंकली. त्या पदकावर चंद्रहासला खेळाडूंच्या कोट्यातून इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. मजीद रेल्वेच्या ट्रायलला गेला, तेव्हा त्याचा चेंडू फलंदाजासमोरच्या प्लेटपर्यंत पोचला नाही.

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, अफ्रीननं दिलेल्या पत्त्यावर चंद्रहास अब्बासियात मजीदच्या खोलीवर गेला. सहा खाटांच्या त्या खोलीत लवू परब भेटला, कुडाळचा सुतार. मजीदच्या शेजारची खाट त्याची. दफनाला कंपनीच्या चौघांबरोबर तोही गेला होता. "चला, दाखवतंय," म्हणत त्यानं चपला घातल्या.

गाडीत चंद्रहासनं त्याला त्या फायनलचं सगळं सांगितलं. 

"त्याचो फोटो पेपरात इललो? आमका कधी बोललो नाय." मग लवू म्हणाला, "उजवो हात वर जाय नाय त्याचो. शर्ट मी चढवून देय. पण डाव्या हातान मोज्याचो गोळो असो मारी, खाटीवरसून, की लायटीचा बटण बंद."



सुलैबिखातच्या कब्रस्तानात सारख्या उंचीच्या मातीच्या कबरींच्या रांगा होत्या, प्रत्येक कबरीच्या डोक्याशी लहानसा दगड. लवूला अरबी वाचता येत नव्हतं. त्यानं त्या दिवशी दगडाचा फोटो काढून ठेवला होता. फोन हातात धरून तो एकेका दगडाशी वाकून बघत गेला आणि एका ठिकाणी थांबला. माती अजून बसली नव्हती. चंद्रहास तिथं उकिडवा बसला आणि त्यानं व्हिडिओ कॉल लावला.

अफ्रीननं फोन मायच्या हातात दिला. म्हातारीनं बराच वेळ माती पाहिली. मग विचारलं, "जागा ओली आहे का?"

"नाही मावशी. कोरडी आहे. स्वच्छ आहे."

"माती कोणी टाकली?"

"हा लवू, सुतार. मजीदच्या शेजारच्या खाटेवर असायचा," म्हणत चंद्रहासनं फोन लवूकडं वळवला. "मी टाकली, आई," लवू म्हणाला. "तीन मुठी. सगळ्यांनी टाकली."

म्हातारीनं त्याला हात जोडले. फोन परत हातात आला, तेव्हा चंद्रहासला राहवलं नाही. "मावशी, त्या फायनलला त्याचा खांदा दुखत होता. मला माहीत होतं. मी सरांना सांगितलं नाही."

"त्यानंच तुला गप्प बसवलं असेल. मलासुद्धा दुखणं सांगायचा नाही तो."

हे ऐकून गप्प बसणं सोपं होतं. "नाही मावशी. तो थांबू म्हणत होता. मीच टाकायला लावलं."

 अफ्रीनचा चेहरा क्षणभर दिसला आणि बाजूला झाला. म्हातारी म्हणाली, "मला वीस वर्षं वाटायचं, मी त्याला शेतात पाणी ओढायला लावलं, त्यानं हात गेला."

चंद्रहासला मान वर करता येईना. लवूनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"आता रडू नको तिथं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग होता की नाही, हे त्याला कळलं नाही. "ईदला जाशील का त्याच्याकडं, कबरीवर?"

"जाईन."

"त्या सुताराला पण ने. आणि मला फोन लाव."

ईदच्या दिवशी चंद्रहास सकाळीच अब्बासियाला गेला. लवू इस्त्रीचा शर्ट घालून इमारतीखाली उभा होता.