बघतो तोच चौकोन

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर माझा जितका जीव आहे, तितका घरातल्या दुसऱ्या कुठल्याच वस्तूवर नाही. तिथ्या, एकादश्या, दुधाचे खाडे हे सगळं त्यावर आहेच, पण मला हवे असतात ते त्याचे चौकोन. माझा डावा डोळा लहानपणापासून आळशी. त्याला उजेड कळतो, समोर माणूस आहे एवढं कळतं, बाकी काही नाही. मला जे दिसतं ते उजव्याच्या जिवावर. म्हणून रोज सकाळी चहा उकळेपर्यंत मी डाव्यावर तळवा ठेवते, मधल्या एका तारखेकडे नजर लावते आणि सगळे चौकोन जागेवर आहेत ना, रेघा सरळ आहेत ना ते बघते. डोळ्यांच्या डॉक्टर रुचिराताईंनी लावलेली ही सवय. माझा नवरा निनाद हिला ‘वसूची पूजा’ म्हणतो. त्याला दोन डोळे आहेत, त्याला चेष्टा परवडते.

मी रफू करते. पैठण्या, शालू, कुणाच्या आजेसासूबाईंचा शेला. कसर लागलेल्या जागी केसाएवढ्या धाग्यात धागा असा मिसळायचा, की नेसणारीलाही जागा सापडू नये. त्यासाठी लोक मुंबईहून नवीन पनवेलला आमच्या घरी येतात. हा उजवा डोळा गेला तर काम जाईल, आणि कामाचं सोडा, स्वतःच्या घराचा जिना उतरायला हात धरायला लागेल. ही भीती मी लग्नाच्या आधीपासून पदराला बांधून फिरते आहे.

आणि अशा बाईच्या नवऱ्याला हौस कसली लागावी, तर लेझरची!

निनादला होलोग्राम करायचा होता. म्हणजे काचेवर असं चित्र उमटवायचं, की आपण मान वाकडी केली तर वस्तूची बाजूही दिसावी. कुठली वस्तू ते ठरलं होतं, माझ्या लग्नातली हळदी-कुंकवाची पितळेची कोयरी. कुठे करायचं तेही ठरलं होतं, स्वयंपाकाच्या ओट्यावर. चित्र उमटताना केसभरही काही हलून चालत नाही, आणि घरात न हलणारी वस्तू म्हणजे ओट्याचा ग्रॅनाइट. ठरत नव्हता तो फक्त लेझर.

एक तळोज्याला होता. बंद पडलेल्या कुठल्याशा कारखान्याच्या प्रयोगशाळेतलं सामान काशिराम नावाच्या भंगारवाल्याकडे आलं होतं, त्यात टेबलावर ठेवायचा लेझर होता. आम्ही दोघं बघायला गेलो. लांबलचक लोखंडी पेटी, मागे जाड वायर, वायरीच्या टोकाला दुसरी पेटी.

“चावी हाय याला,” काशिराम मला म्हणाला. “चावी नाय फिरवली तर पेटत नाय. आनि तोंडावर ही झडप. ती सरकवली नाय तर उजेड भायेर येत नाय.”

मला ती पेटी बघताक्षणी आवडली. जड, कुरूप आणि ठेवू तिथे बसून राहणारी. सासरी आलेल्या मुलीने असावं असं पूर्वीच्या बायका सांगायच्या, तशी.

निनादला ती पटली नाही. “हिची ताकद फक्त दोन मिलीवॉट,” तो परतीच्या रिक्षात म्हणाला. “एवढं धूड आणायचं, आणि आतली नळी उद्या गेली तर शोभेला ठेवायचं. त्यापेक्षा हातात धरायचे घेऊ.” त्याने मोबाईलवर दाखवले. पेनासारखे तीन, लाल, हिरवा आणि जांभळा. प्रत्येकावर स्टिकर, पाच मिलीवॉटच्या आत. “म्हणजे पेटीपेक्षा जोरदार, तरी सुरक्षित. मूर्ती लहान पण कीर्ती महान.”

“मला त्या कीर्तीचीच भीती वाटते,” मी म्हटलं. “पेटी बिचारी एका दिशेला बघते. हातातली वस्तू कुठे वळेल याचा नेम नसतो.”

“वसू, वर्गात मास्तर फळ्यावर फिरवतात ते हेच.”

पेन आले. सोबत फुकटचा लाल प्लास्टिकचा चष्माही आला. तो निनादने आपल्या नेहमीच्या चष्म्यावरून एकदा लावला, आरशात बघून हसला आणि खोक्यात परत टाकला.

तो रविवार होता. जेवणं झाल्यावर निनादने स्वयंपाकघराचे पडदे ओढले, ओटा पुसला, त्यावर कोयरी ठेवली आणि हिरवा पेन दोन वाट्यांच्या मध्ये बसवला. पेनचं बटण दाबून धरावं लागतं, सोडलं की उजेड बंद. त्यावर त्याने उपाय काढला होता. गॅलरीतल्या दोरीवरचा कपड्यांचा चिमटा आणून बटणावर लावला. झाला हातातला लेझर टेबलावरचा. चावी नको, झडप नको. स्वतःच्या हुशारीवर तो भारी खूश होता.

मी दारात उभी होते. तोंडाने बडबड चालू होती, पण मलाही बघायचं होतं हे खरं. पितळेच्या कोयरीवर हिरवा उजेड पडला तेव्हा ती इतकी सुंदर दिसली, की मी गप्प झाले.

थोड्या वेळाने हिरवा मंद पडला. निनादने पेन उचलला, हाताला गरम लागला म्हणून फुंकर मारली, एक डोळा मिटून त्याच्या तोंडाशी डोकावून पाहिलं, भिंगावर धूळ बसली आहे का म्हणून. सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा वाट्यांमध्ये ठेवला. हिरवा परत उजळला. आणि चिमटा सटकला.

पूर्ण निघाला असता तर बटण सुटलं असतं. तो नुसता कलंडला. त्याच्या धक्क्याने पेन वाट्यांमधून निसटला आणि ओट्यावर गोल फिरला. हिरवी रेघ भिंतीवरून धावली, मांडणीवरून गेली. मांडणीत माझ्या माहेरचे स्टीलचे डबे आहेत, आईचं नाव कोरलेले, मी घासून आरसा करून ठेवलेले. त्यातल्या एका डब्यातून ती रेघ उलटी वळली आणि माझ्या डोळ्यांत आली.

दुखलं नाही. हेच सगळ्यात वाईट. भाजलं की माणूस ओरडतो, पाण्याखाली हात धरतो. मला काहीच झालं नाही. नुसता हिरवा लखलखाट, आणि नंतर निनादचा चेहरा असायला हवा तिथे एक जांभळट डाग.

“वसू? लागलं का? वसू?”

माझी पाचावर धारण बसली होती. मी भिंत चाचपत कॅलेंडरपाशी गेले आणि डावा डोळा झाकला. तारीख दिसेना. जिथे बघावं तिथे डाग. आपला एकच दिवा होता आणि तो विझला, एवढंच माझ्या मनात आलं. मी तिथेच फरशीवर बसले.

निनादने रुचिराताईंना फोन लावला. त्या गावाला गेलेल्या होत्या, सकाळी परतणार होत्या. “डोळा चोळू देऊ नका,” त्या म्हणाल्या. “डाग विरतो का बघा. वाढला तर लगेच मोठ्या हॉस्पिटलला न्या, नाहीतर उद्या उघडल्या उघडल्या माझ्याकडे या.”

डाग विरला. चहाच्या वेळेपर्यंत तारखा दिसू लागल्या, एकादशीही वाचता आली. पण भीती विरेना. कॅलेंडरसमोरून मी हलत नव्हते. एकदा रेघा सरळ दिसायच्या, एकदा मधली रेघ वाकल्यासारखी वाटायची, मग कळायचं की डोळ्यांत पाणी आहे. पुसून पुन्हा बघायचं. निनाद मागे पाण्याचा ग्लास घेऊन उभा. मी त्याला एक शब्द बोलले नाही, आणि मी न बोलणं म्हणजे काय ते त्याला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे.

सोमवारी आम्ही जुन्या पनवेलला दवाखाना उघडायच्या आधीच जाऊन बसलो. रुचिराताईंनी बाहुली मोठी करायचं औषध घातलं, यंत्राला हनुवटी टेकायला लावली आणि झगझगीत दिवा आत सोडला. मी कुलदैवताला काय काय कबूल केलं ते इथे सांगत नाही, फेडायचं बाकी आहे.

“पडदा स्वच्छ आहे,” शेवटी त्या म्हणाल्या. “काही झालेलं नाही. ओझरतं गेलं म्हणून वाचलात.”

माझ्या जिवात जीव आला. मी तिथेच, त्या यंत्राला धरून रडले.

“आणि तुम्ही?” त्यांनी निनादला विचारलं. “तुम्हीही तिथेच होतात ना? बघून घेते.”

“मला काही झालं नाही हो,” निनाद म्हणाला. “मला दोन्ही डोळ्यांनी अगदी स्वच्छ दिसतंय.”

बाहेर बाकं भरली होती. त्यांनी आग्रह केला नाही.

औषधाने माझी नजर पार फिसकटली होती. ऊन सुया टोचल्यासारखं लागत होतं, लाइन आळीतली दुकानं, माणसं, सगळं दुधात बुडवल्यासारखं. रिक्षात निनादने माझा हात धरला आणि कालपासून पहिल्यांदा घडाघडा बोलला. रात्रभर तो वाचत बसला होता. स्टिकरवर पाच लिहिलेल्या स्वस्त पेनांमधून कितीतरी पट जास्त उजेड निघतो, स्टिकर कुणीही चिकटवतं. “आणि हिरव्यात तर आणखी भानगड असते. आत मुळात न दिसणारा उजेड असतो, त्याचा हिरवा बनवतात. पेन तापला की हिरवा मंद होतो, पण तो न दिसणारा तसाच बाहेर येत राहतो. आपल्याला वाटतं विझत आला. तुझ्या डोळ्यात तसा गेला असता तर, या विचाराने मला झोप नाही आली.” मग म्हणाला, “तिन्ही पेन फेकतो. ती चावीची पेटीच आणू. तू म्हणत होतीस तेच खरं होतं.”

“लग्नाला इतकी वर्षं झाली, आज उजाडलं,” मी म्हटलं. तो हसला. मीही हसले. घरी जाऊन मऊ भात करावा, तूप-मेतकूट घालून खावा, असं मनात आलं.

घरी आल्यावर सवयीने मी आधी कॅलेंडरपाशी गेले. काही दिसत नव्हतं, नुसता पांढरा कागद. आणि त्या पांढऱ्या कागदाकडे बघताना मला कालची दुपार दिसली. हिरवा मंद झाला होता. पेन गरम होता. बटणावर चिमटा तसाच होता.

“निनाद,” मी म्हटलं, “तू तोंडाशी डोकावून बघितलं होतंस.”

“कुठे?”

“पेनच्या तोंडाशी. धूळ आहे का म्हणून. एक डोळा मिटून.”

त्याने घराच्या किल्ल्या ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.

“इकडे ये. माझी पूजा कर.”

“वसू, मला नीट दिसतंय, मी आत्ता…”

“डोळ्यावर हात ठेव. आधी उजव्या.”

त्याने ठेवला असावा. मला त्याच्या सदऱ्याचा निळा रंग तेवढा कळत होता. “मधला गुरुवार बघतोय,” तो म्हणाला. “प्रदोष आहे. चौकोन सगळे जागेवर. रेघा सरळ. खूश?”

“आता डावा झाक.”

निळा रंग जरा हलला. ओट्यावर नळ थेंब थेंब गळत होता. मी वाट बघत राहिले.

“हं?”

“गुरुवार…” तो म्हणाला आणि थांबला. “गुरुवार नाहीये. शुक्रवार आहे, बुधवार आहे. थांब, शुक्रवार बघतो.” मग त्याचा आवाज लहान झाला. “आता गुरुवार आला, वसू. शुक्रवार गेला. मी ज्याच्याकडे बघतो तोच चौकोन जातो.”

“दोन्ही उघड.”

“आहे. सगळं आहे. म्हणून कालपासून मला कळलंच नाही.”

तो पुन्हा पुन्हा डोळा झाकून बघत असावा, कारण त्याचं घड्याळ चष्म्याच्या काडीवर टकटक वाजत होतं. जन्मभर मी ज्या दिवसाला घाबरत आले, तो दिवस आमच्या स्वयंपाकघरात आला होता, आणि माझ्याऐवजी त्याच्याकडे आला होता. मी हात पुढे करून त्याचा चेहरा शोधला. तो ओला होता.

“हे परत येतं ना?” त्याने विचारलं.

मला माहीत नव्हतं. मी मोबाईल काढला, पण एकही आकडा दिसेना. मग मी तो त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, “रुचिराताईंना लाव.”

“कुठल्या डोळ्याने बघू?” त्याने विचारलं.

“दोन्ही,” मी म्हटलं. “आज दोन्ही उघडे ठेव.”