दोन ठिपक्यांमधली रेघ

नवस बोलली शालूबाई, पण तो पुरा व्हायचा होता माझ्या अंगावर. मी पियानो बोलतोय, कोरेगाव भागातल्या एका घराच्या सोप्यातला.

मी मूळचा साताऱ्याच्या एका साहेबाचा. त्यांची बदली झाली तेव्हा आकारामनं मला बैलगाडीत घालून घरी आणलं. आकाराम पलटणीच्या बँडात सगळ्यात मोठं पितळी वाजंत्र फुंकायचा, खालच्या जाड सुरांचं. शालूबाई त्याची बायको. माहेरी भजनात तिनं पेटी वाजवलेली. पेटीला डावा हात भात्यावर लागतो, म्हणून माझ्यापुढं बसली की तिचा डावा हात आधी भाता चाचपडायचा आणि मग मांडीवर पडून राहायचा. माझी डावी बाजू गप्पच. अर्ध्या अंगाची कुणाला ओळखच नाही, असं ते एकटेपण.

मिशनच्या दवाखान्यातल्या बनुबाई नर्स रविवारी येत. त्यांनी तिला वरच्या सुरांचा कागद वाचायला शिकवलं. पाच रेघा, आणि कुठली रेघ म्हणजे माझी कुठली पट्टी. मग त्यांची बदली मिरजेला झाली.

एकाहत्तरची दिवाळी झाली आणि आकारामची पलटण सरहद्दीकडं निघाली. लढाईत बँडवाल्यांना जखमी उचलावे लागतात. जाताना तो आपल्या वाटणीच्या सुरांचा कागद माझ्यावर ठेवून गेला. शालूबाईनं देवीपुढं हात जोडले.

"आई, ह्यो कागुद न चुकता वाजवीन, तवर गूळ तोंडात घालणार न्हाई. त्यास्नी धड घरी आण."

ऐन गुऱ्हाळाचे दिवस, आणि घरोघर गुळाचा वास!

बनुबाईंनी शिकवलं होतं, तसाच तिनं हाही कागद वाचला, माझ्या उजवीकडच्या पट्ट्यांवर. मला कळत होतं. ते सूर तिथले नव्हतेच, ते माझ्या डावीकडं, खाली होते. पण बोट पडल्याशिवाय मला बोलता येत नाही, आणि बोट पडेल तेच बोलावं लागतं. मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी कागद पुरा झाला. तिनं देवीपुढं गुळाचा खडा खाल्ला.

आठ दिवसांनी पत्र आलं, परक्या अक्षरातलं. आकारामच्या तोंडाला छर्रा लागला होता. जीव वाचला होता.

संक्रांतीला बनुबाई भेटायला आल्या. तिचं वाजवणं ऐकून त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "अगं शालू, हे चिन्ह बघितलं नाहीस? कानासारखं, पुढं दोन ठिपके. त्या ठिपक्यांमधली रेघ म्हणजे ‘म’, मधल्या ‘सा’च्या खालचा. तू तिथं वरचा ‘रे’ वाजवतेस."

शालूबाईचा चेहरा उतरला. "म्हंजे नवस खोटा पडला? माज्यापायी लागलं त्यास्नी?"

बनुबाई "नाही गं" म्हणत राहिल्या. तिनं हातातला तिळगूळ खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरुवात. माझ्या त्या ‘म’ला तिनं कुंकवाचं बोट लावलं आणि तिथून एकेक पायरी खाली उतरली. डावा हात भात्याकडं पळायचा, ती त्याला उचलून आणायची. आणि गाणं तरी कुठं होतं त्यात? एक सूर, तीन मात्रा गप्प, पुन्हा एक सूर.

सासूबाई रंगूबाई म्हणाल्या, "आगं, ह्ये गाणं हाय व्हय? म्हस चिखलात रुतल्यागत वाजतंय!"

"आत्याबाई, गाणं बाकीचे वाजवत्यात. ह्यांच्या वाट्याला ह्येच हाय."

गप्प मात्रा मोजताना ती माझ्याहून एकटी दिसायची.

फाल्गुनात आकाराम आला. ओठ शिवलेला. फुंकर आता धरत नव्हती, बँड सुटला होता. तिनं कागद पुरा वाजवला, पण मागं वळली नाही.

"आदी चुकीचा वाचला वं म्या. म्हून लागलं तुमास्नी."

"येडे, कागुद ठिवला आन् वाचायचा कसा ते सांगितलंच न्हाई. चूक माजी." तो हसला, तसे टाके ओढले गेले. "आन् तिसऱ्या वळीत चार मोजायचे. तीनच मोजलेस. लाव पुन्यांदा."

पुढं त्याला सांगलीला कारखान्याच्या गेटवर काम लागलं. माडीवरची एक खोली मिळाली, अरुंद जिन्यातून मी जाईना, म्हणून दोघं मला इथंच ठेवून गेली. पाच वर्षं झाली. गल्लीतली पोरं येऊन माझ्या उजव्या पट्ट्या बडवतात. डावीकडं कुणी येत नाही.

माझं मागणं एवढंच. तुमचं माणूस लांब गेलं असेल, तर तुम्हीही असा एक नवस बोला. त्याच्या वाटणीचं काहीतरी शिका, कुणाला ते गाणं वाटो न वाटो. चुकलात तर लाजू नका. पहिल्यापासून लावा.