रिकाम्या ताटाचे वजन

दर दुसऱ्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता सिस्टर एकच प्रश्न विचारीत असे आणि बाई एकच उत्तर देत असत. प्रश्न असा, की शून्य ते दहा या मापात दुखणे किती? उत्तर, तीन. सिस्टर तो आकडा तक्त्यात लिही, डॉक्टरबाई तो वाचीत आणि ठरल्याप्रमाणे साठ मिलिलिटर सलाइन सुईने आत सोडीत.

आत म्हणजे कोठे, हे सांगणे भाग आहे. कर्करोगामुळे बाईंचा डावा स्तन काढून टाकलेला होता आणि त्याच वेळी छातीच्या स्नायूखाली एक रिकामी पिशवी बसवलेली होती. ती थोडी थोडी भरत नेली, की वरचा स्नायू आणि कातडी ताणली जाऊन जागा होते. मग दुसऱ्या शस्त्रक्रियेत पिशवी काढून तेथे कायमचे, मऊ रोपण बसवतात. अशा सहा खेपा ठरल्या होत्या आणि चार झाल्या होत्या. सुई टोचलेली बाईंना कळत नसे, कारण तेथली कातडी बधिर होती. कळत असे ते नंतर. संध्याकाळपर्यंत छातीभोवती कोणी पट्टा आवळीत आहे असे वाटू लागे, दोन दिवस तो एकेक भोक पुढे सरके आणि तिसऱ्या दिवशी स्थिरावे. स्थिरावे म्हणजे सुटे, असे नव्हे.

बाई वजनमापे खात्यात निरीक्षक होत्या. बाजारात त्यांना मागून ‘मिलिग्रामबाई’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होते आणि नाव वाजवी आहे, असे त्यांचे मत होते. सव्वीस वर्षांत त्यांनी घेतलेले एकही वाचन वरच्या कचेरीने फिरवले नव्हते. तेव्हा पहिल्याच खेपेला त्यांनी सिस्टरशी वाद घातला, यात नवल नाही. दहा म्हणजे किती? कोणत्या प्रमाणाशी ताडून पाहायचे? सिस्टर म्हणाली, की ताई, तुम्हाला वाटेल तसे सांगा. वाटेल तसे सांगण्यावर शेंगदाणेसुद्धा विकता येत नाहीत, हे बाईंनी तिला शांतपणे समजावले आणि प्रमाण स्वतःच ठरवले. शस्त्रक्रियेनंतर काखेखालची निचऱ्याची नळी ओढून काढली, ती सकाळ म्हणजे दहा. शून्य म्हणजे काय, हे मात्र ठरवायचे राहिले. शून्य ठरवावे लागते असे सहसा कोणाला वाटत नाही.

पाचवी खेप जवळ आली तशी बाईंची पंचाईत झाली. दोन किलोचे पितळी वजन उचलायला त्यांना आता दोन्ही हात लागत. कूस बदलणे बंद झाले होते. आरामखुर्चीत टेकून झोप लागेल तेवढी खरी. या खेपेला नको, किंवा निदान कमी भरा, असे त्यांना डॉक्टरबाईंना सांगायचे होते. पहिल्याच दिवशी डॉक्टरबाईंनी बजावले होते, की मी तुमच्या आकड्यावर चालणार. जास्त झाले तर सांगा, आपण थांबू. पण तक्त्यात चार वेळा तीन लिहिलेले होते. तीनच्या जोरावर सवलत मागायची कशी? वाचन एक आणि तक्रार दुसरीच, असे प्रकरण समोर आले असते तर बाईंनीच ते फेटाळले असते. त्यांनी स्वतःचेही फेटाळले.

रविवारी त्यांच्या नणंदेने त्यांचे केस धुवायला घेतले. ही नवऱ्याची धाकटी बहीण. स्वतःचे केशकर्तनालय चालवी आणि आरशातून दिवसभर लोकांच्या माना आणि खांदे पाहत असे. बाईंचा डावा हात डोक्यापर्यंत जात नव्हता, म्हणून महिनाभर हे काम तिने अंगावर घेतले होते. मोरीत स्टुलावर बसवून तिने बाईंच्या मानेवर टॉवेल टाकला.

“वहिनी, खांदा खाली सोडा.”

“सोडलेलाच आहे.”

“हा सोडलेला? माझ्या खुर्चीत कुणी असं बसलं ना, तर मी विचारते, घरी भांडून आलात का?”

केसांवर पाणी ओतता ओतता तिने उलटतपासणी चालू केली. सिस्टरला किती सांगता? तीन. ते कधीचे? हात हलवला, खोकला आला, की जे वाढते त्याचे.

“आणि आत्ता? नुसतं बसल्या बसल्या?”

“आत्ता काही नाही.”

“मग श्वास असा तुकड्यातुकड्यानं का घेताय?”

“तो रोजचाच आहे, वन्सं. रोजचं काय सांगायचं?”

नणंदेने तांब्या खाली ठेवला. “रोजचं आहे म्हणून ते दुसऱ्या कुणाचं झालं का?”

युक्तिवाद बाईंना कच्चा वाटला. शिवाय वन्संना दुधाच्या पिशवीपासून डॉक्टरांच्या चपलांपर्यंत प्रत्येक गोष्टीवर मत असे, त्यामुळे एकेका मताचे मोल कमी भरे.

सोमवारी कचेरीत सुक्या मेव्याचा एक दुकानदार आपला इलेक्ट्रॉनिक काटा वार्षिक तपासणीसाठी घेऊन आला. बाईंना सध्या टेबलाचेच काम होते. जड वजने सहकारी उचलून ठेवी. काट्यावर स्टीलचे ताट होते आणि पडद्यावर शून्य. बाईंनी रीतीप्रमाणे उजव्या हाताने ताट उचलले. पडद्यावर उणे तीनशे चाळीस ग्रॅम आले.

“शून्यच आहे, बाई,” दुकानदार घाईने म्हणाला. “ताट ठेवून बघा ना.”

“आणि ताटाचं वजन?”

“ताटाचं काय, ते रोजचंच आहे वर.”

असे काटे बाईंनी हजारांनी पाहिले होते. त्यात गैर काहीच नव्हते. ताटाचे वजन आधी वजा करून ठेवणे कायदेशीर आहे, आवश्यकही आहे. गिऱ्हाइकाला बदाम हवे असतात, ताट नव्हे. पण काट्याच्या पायांवर एकूण भार किती पडतो असे विचारले, तर तो पडदा चुकीचे उत्तर देईल, आणि चूक काट्याची नसेल. बाई ताट हातात धरून एवढा वेळ बसल्या, की दुकानदाराने न विचारता आपल्या सचोटीचा खुलासा सुरू केला. त्यांनी काटा पास केला आणि सहकाऱ्याला मोहर लावायला सांगितले.

मंगळवारी अकरा वाजता सिस्टरने प्रश्न विचारला.

“सात,” बाई म्हणाल्या.

सिस्टरचे पेन थांबले. “एकदम सात? मागच्या वेळी तीन होतं, ताई.”

“मागच्या वेळीही सहा असणार. मी धडा करून सांगत होते.” सिस्टरला कळले नाही, हे पाहून त्या पुढे म्हणाल्या, “भांड्याचं वजन आधीच वजा करतात ना, तसं. रोज दुखतं ते मी धरतच नव्हते. त्याच्यावर जे चढतं, तेवढंच सांगत होते. चारही वाचनं चुकलीत. चूक माझी.”

शेवटचे दोन शब्द उच्चारायला त्यांना श्वास पुरला नाही. ते त्यांनी दुसऱ्या श्वासात पुरे केले.

डॉक्टरबाईंनी ताणलेल्या कातडीवर अंगठा दाबला आणि उचलला. पांढरा पडलेला ठसा सावकाश रंगावर आला. तो येईपर्यंत त्या पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, की आज भरायचे नाही, उलट साठ काढू. दुसरी शस्त्रक्रिया महिनाभर लांबेल, तेवढे चालवून घ्या.

“काढता येतं?” बाईंनी विचारले.

“येतं की. पण तीन सांगणाऱ्याला ते कोण सांगणार?”



डॉक्टरबाईंनी लोहचुंबक फिरवून कातडीखालचे पिशवीचे धातूचे तोंड शोधले, सुई आत गेली, आणि पाणी उलट सिरिंजमध्ये चढू लागले. बाईंनी मान वळवून डोळे रेघांच्या पातळीत आणले, कारण तिरके पाहून वाचन घेणे चूक असते. वीस. चाळीस. पन्नाशीच्या सुमारास श्वास फासळ्यांच्या खाली, दोन महिने जेथे पोहोचला नव्हता तेथपर्यंत गेला, आणि त्यांना खोकला आला. साठ.

सिस्टरने तक्ता पुढे ओढला. “आता किती, ताई?”

“थांबा. काटा स्थिर होऊ दे.”

सिस्टर थांबली. डॉक्टरबाईही हातमोजे अर्धवट काढून उभ्या राहिल्या. बाईंनी दोन श्वास घेतले, तिसरा सावकाश घेतला आणि डावा खांदा खाली सोडून पाहिला.

“चार,” त्या म्हणाल्या. “ताटासकट.”

कोणते ताट, हे सिस्टरने विचारले नाही. तिने चार लिहिले.