रंगाखालची फट

मित्रांनो, मी एक खोली आहे. माझा जन्म जमिनीवर नाही, कारखान्यात झाला. लोखंडी सांगाडा, भिंती, खिडक्या, तारा, नळ, सगळं एकाच छपराखाली मोजूनमापून बसवलं. तपासनीस बाईंनी माझ्या कानाकोपऱ्यावर पाणी मारून पाहिलं आणि शाबासकी दिली. त्या दिवशी मला कोण अभिमान वाटला!

मग ट्रकवर बसून मी इथे आले. क्रेनने मला अशाच दुसऱ्या खोलीला भिडवलं. आमच्यामधल्या फटीत बसवायची जाड रबरी पट्टी माझ्याच कपाटात गुंडाळून पाठवली होती. जोडणीच्या कामावरच्या मुकादमाने ती कापून आपल्या कचेरीच्या दाराशी पायपुसणं केलं! फटीवर कागदी पट्टी चिकटवली आणि वर रंग फासला. "तयार घर आहे, एका दिवसात उभं केलं की नाही?" अशी फुशारकीही मारली. मला त्याची तेव्हाच किळस आली.

वर्षभरात पाणी झिरपलं आणि माझ्या भिंतीवर काळी बुरशी चढली. स्वतःच्याच अंगाचा कुबट वास सोसायचा, यासारखी शिसारी नाही. माझ्यात एक नर्स आणि तिची सहा वर्षांची मुलगी राहतात. मुलगी खोकून खोकून बेजार व्हायची. तक्रार केली की मुकादम नाकाला रुमाल लावून यायचा आणि पुन्हा रंग फासून जायचा. रोग रेड्याला, औषध पखालीला! शेवटी मुलीला दवाखान्यात ठेवावं लागलं.

तेव्हा तिचे आजोबा आले. ते जन्मभर गवंडीकाम केलेले. आल्या आल्या मलाच शिव्या देऊ लागले, मग लेकीकडे वळले.

"डब्यातलं घर घेऊ नकोस म्हणालो होतो ना? बघ आता, दाखवतोच तुला!"

त्यांनी छिन्नीने रंग खरवडला. आतून कुजलेला, बुळबुळीत कागद हाताला लागला. त्यांनी हात झटकला आणि फटीत वाकून पाहिलं.

"काय झालं, बाबा?"

"घर चांगलं आहे गं. जोडणाऱ्याने घाण करून ठेवली."

त्यांनी बुरशी घासून काढली, नवी पट्टी आणून फट नीट भरली. आता मी कोरडी आहे.

मित्रांनो, घर कारखान्यातलं असो की विटांचं, ओल दिसली तर रंगाचा डबा उघडू नका, आधी भिंत उघडा. उशीर करू नका. मुलगी दवाखान्यातून परत आली आहे, पण अजूनही झोपताना ती माझ्याकडे पाठ करते आणि पांघरूण नाकावर ओढून घेते.