खांडीचं फोल्डर

शनिवारी सकाळी अकरा वीसला प्रांजलचा फोन आला, तेव्हा जोतीराम विरकर साताऱ्यात, गोडोलीतल्या आपल्या घरात, डब्यावरची धूळ पुसत होते. डबा म्हणजे दोन हार्डडिस्क बसवलेला घरगुती सर्व्हर. घरातल्या सगळ्यांचे फोटो, सातबारे, पेन्शनचे कागद एका जागी राहावेत आणि ज्याला पाहिजे त्याला आपापल्या फोनवर दिसावेत, म्हणून त्यांनी तो आणला होता. चोवीस वर्षं फौजेत सिग्नलमध्ये काढून हवालदार म्हणून रिटायर झालेला माणूस. वायर, लुकलुकणारा दिवा आणि पासवर्ड या तीन गोष्टी असल्या की गडी खूश. त्यांची बायको मंगल डब्याला 'तुमची दुसरी ड्युटी' म्हणायची.

"आप्पा, खांडीचं फोल्डर उघडून द्या लवकर. मेंढरं घावली!"

मागे बाजाराचा कालवा ऐकू येत होता. प्रांजल ही जोतीरामांच्या धाकट्या भावाची, मल्हारची मुलगी. मल्हार म्हसवडकडे मेंढरं राखतो. बुधवारी पहाटे त्याच्या खांडीतली, म्हणजे कळपातली, चौदा मेंढरं कुणीतरी टेम्पोत घालून पळवली होती. ती आज आटपाडीच्या बाजारात एका व्यापाऱ्याच्या ट्रकपाशी दिसली. मल्हारने ती लांबूनच ओळखली. पण चोरांनी मेंढरांचे कान पुन्हा कापून जुनी खूण उडवली होती, आणि व्यापारी म्हणत होता, मी रीतसर विकत घेतलीत, तुमची कशावरून?

"फौजदार सायेब म्हणत्यात, नुसतं तोंडानं सांगून चालत न्हाई, पुरावा दावा. एक वाजता ह्यांचा ट्रक सुटणार हाय. तवर फोटू दाखिवलं तर मेंढरं उतरून घेतो म्हणलं. आन फोल्डर उघडंना, आप्पा. परवानगी न्हाई म्हणतंय."

"नेटचा घोळ असंल," जोतीराम म्हणाले. "मी हितनं काढून पाठिवतो. थांब जरा."

नेटचा घोळ नव्हता. जोतीरामांना ते चांगलं ठाऊक होतं. फोल्डर त्यांनी स्वतः बंद केलं होतं, पाच महिन्यांपूर्वी, आणि ही गोष्ट त्यांनी मंगललासुद्धा सांगितली नव्हती.

त्याचं असं झालं. खांडीचे फोटो ठेवायची कल्पना जोतीरामांचीच. प्रत्येक मेंढराचा समोरून एक, दोन्ही कुशींवरून एकेक आणि कानांचा वेगळा. माडग्याळी जातीचं मेंढरू पांढरं, अंगावर तपकिरी डाग, आणि एकाचे डाग दुसऱ्यासारखे कधीच नसतात. फौजेत बुटापासून बंदुकीपर्यंत सगळ्याची नोंद असते, मग मेंढरांचीच का नको, असं त्यांचं म्हणणं. प्रांजल दर महिन्याला फोटो काढायची आणि फोल्डरमध्ये टाकायची. तिचा फोन साधा, त्यात जागा कमी, म्हणून टाकून झाले की फोनमधले पुसायची.

मग मार्गशीर्षात म्हसवडच्या रथाच्या जत्रेला सगळे पाहुणे जमले. जेवणं झाल्यावर जोतीराम मोबाइलवर ती खांड एकेकाला कौतुकाने दाखवत होते. मल्हार तंबाखू मळता मळता म्हणाला, "ज्याला मेंढरू तोंडावरनं वळखू येत न्हाई, त्याला फोटू लागतोय. आमचा दादा फौजेत गेला आन धनगरकी इसरला." पाहुणे पोट धरून हसले. जोतीरामही हसले. पण ते बोलणं त्यांच्या वर्मी लागलं, कारण ते खरं होतं. सतराव्या वर्षी घर सोडलेल्या या माणसाला भावाच्या दीडशे मेंढरांतली चारसुद्धा ओळखता येत नव्हती. संध्याकाळच्या एसटीने ते साताऱ्याला आले, पायातले बूट न काढता लॅपटॉपसमोर बसले आणि खांडीच्या फोल्डरवर 'घर' नावाच्या गटापुढे 'मनाई' करून टाकली. बसा म्हणावं आता.

राग काय, चार दिवसांत उतरला. पण मनाई उठवायची म्हणजे ती आपण घातली होती हे कबूल करणं आलं. प्रांजल विचारेल, मग 'बघतो' म्हणू आणि गुपचूप उघडून देऊ, असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. प्रांजलने कधी विचारलंच नाही. मग तेही त्या फोल्डरकडे फिरकले नाहीत. अशा बाबतीत पुरुषमाणूस किती महिने काढू शकतो याला काही सीमाच नाही.

तर आजचा त्यांचा बेत सोपा होता. मनाई तशीच राहू द्यायची. आपल्या नावाने आत जायचं, मेंढरांचे फोटो उचलायचे आणि व्हॉट्सॲपवर धाडून द्यायचे. कुणाला काही कळायचं कारण नाही. त्यांनी फोल्डरवर टिचकी मारली.

'आपल्याला या फोल्डरमध्ये जाण्याची परवानगी नाही.'

जोतीरामांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा टिचकी मारली. पुन्हा तेच. आपला डबा, आपलं घर, वीजबिलही आपल्याच नावावर, आणि हे कार्टं आपल्यालाच उंबऱ्यावर अडवतंय! त्यांचं डोकं सणकलं.

राउटरवर संशय घेऊन त्यांनी तो बंद करून चालू केला. चार मिनिटं गेली. वायर काढून फुंकर मारून परत लावली. सातबाऱ्याचं फोल्डर उघडत होतं, पेन्शनचं उघडत होतं, मंगलच्या भावाच्या लग्नाचे सव्वातीनशे फोटो तर मागितले नसताना समोर आले. फक्त खांड उघडत नव्हती. मग त्यांना वाटलं, एकदा बाहेर पडून परत आत यावं. घाईत पासवर्ड तीनदा चुकला आणि डब्याने लॅपटॉपच दहा मिनिटांसाठी बाद करून टाकला. तीन चुकांना दहा मिनिटं, हा नियमही त्यांनीच घातलेला. परक्या माणसासाठी.

ती दहा मिनिटं त्यांना काढता येईनात. खोलीतून ओसरीत, ओसरीतून खोलीत. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं की नजर नेमकी तिथेच जायची. स्वयंपाकघरातून मंगल दोनदा डोकावून गेली. तिला काही विचारायचं होतं, पण नवऱ्याचा चेहरा बघून ती परत आत वळली.

बारा वाजून बारा मिनिटांनी परत प्रांजल. "आप्पा, घावलं का? ह्यांची माणसं फळ्या लावाय लागल्यात ट्रकाला."

"हुतंय, हुतंय. डबा जरा सलो हाय आज."

मागून मल्हारचा आवाज आला, कुणाला तरी सांगत होता, "थांबा की सायेब पाच मिंटं. माझा दादा करतोय. त्याला लय कळतंय त्यातलं." जोतीरामांनी पटकन फोन ठेवला. तो आवाज त्यांना ऐकवेना.

लॅपटॉप मोकळा झाला. आता त्यांनी परवानग्यांचं पान उघडलं. जोतीराम, वाचणे आणि लिहिणे, बरोबरची खूण. जागच्या जागी. त्यांनी खूण काढली, परत घातली. काही नाही. मग शेवटचा उपाय म्हणून आख्खा डबाच बंद करून चालू केला. तो उठायला आठ मिनिटं घेतो. हिरवा दिवा लुकलुकत राहिला आणि जोतीराम त्याच्याकडे हात जोडल्यासारखे बघत उभे राहिले. डबा उठला, खांड उघडली नाही. बारा पस्तीस.

मंगल पदराला हात पुसत येऊन शेजारी उभी राहिली.

"आवं, काय झालंय सांगशीला का? पोरीचा फोन माझ्याबी मोबाइलवर आला. आप्पा उचलंनात म्हणती."

"फोल्डर उघडंना."

"कशापायी?"

जोतीरामांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग खाली मान घालून एका दमात म्हणाले, "मी रथाच्या दिवशी मल्हारला बंद करून टाकलंवतं. पर मला कुठं बंद केलंय? माझ्या नावापुढं बरोबर खूण हाय. हे बघ की."

मंगलने कंबरेवर हात ठेवला. आत्ता ती काय काय बोलू शकली असती! पण बाजारात ट्रकाला फळ्या लागत होत्या, म्हणून तिने ते सगळं पुढच्यासाठी राखून ठेवलं.

"बंद केलंसा म्हंजी नेमकं काय केलंसा?"

"घर म्हणून एक गट हाय. त्याला मनाई घातली."

"त्यात कोण कोण हाय?"

"मल्हार, प्रांजल, तू..."

"आन तुमी?"

जोतीरामांचा हात माउसकडे गेला.

"घरच्या समद्यांना बंद म्हणलासा," मंगल म्हणाली, "मग तुमी घरचं न्हवं व्हय?"

त्यांनी गट उघडला. यादी त्यांनी पलटणीतल्या हजेरीपटासारखी केली होती, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, अनुक्रमांकासकट. पहिलं नाव जोतीराम. मुभा आणि मनाई एकाच माणसावर आली की डबा मनाईचंच ऐकतो, हा नियम त्यांना पाठ होता. शेजारच्या देशमुख मास्तरांना त्यांनी तो दोनदा समजावून सांगितला होता. पण मल्हारला बाहेर घालवताना आपणही त्याच घरात आहोत, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यांनी मनाई काढली. एक टिचकी. खांड उघडली, भराभर तोंडं दिसायला लागली, दीडशे तोंडं. बारा वाजून एक्केचाळीस मिनिटं झाली होती.

"प्रांजल, बघ गं, उघडलं!"

"उघडलं आप्पा! उघडलं!"

तिने व्हिडिओ कॉल लावला. ऊन, धूळ, ट्रकाची फळी आणि मेंढरांची गर्दी. तिच्याकडे मैत्रिणीचा दुसरा फोन होता. एकात जोतीराम, एकात फोल्डर. मल्हार एकेक मेंढरू पायाला धरून पुढे ओढत होता आणि फौजदार फोटो बघून डाग जुळवत होते. डाव्या कुशीवर तीन डाग, बरोबर. नाकावर पट्टा, बरोबर. व्यापारी आधी तावातावाने बोलत होता, चौथ्या मेंढीनंतर तो गप्प झाला. सात, आठ, नऊ. साताऱ्यात मंगल बोटांवर मोजत होती आणि जोतीरामांचा ऊर भरून आला होता. आपण काहीतरी केलं, भावाच्या उपयोगी पडलो, असं त्यांना त्या दहा मिनिटांत मनापासून वाटलं.

नवव्यानंतर मल्हारने एक पाठ पुढे आणली. पाठ म्हणजे तरणी, अजून न व्यालेली मेंढी. प्रांजल फोनवर बोट फिरवत राहिली. वर गेली, खाली आली.

"हिचा फोटू न्हाई," ती म्हणाली.

"नीट बघ."

"न्हाई आप्पा. ही पाच पोस म्हैन्यात झाल्याली. रथाच्या नंतर." तिचा आवाज बारीक झाला. "तवापासनं फोटू टाकायला जागाच न्हवती. म्हणून काढलंच न्हाईत."

जोतीरामांनी लॅपटॉपवर शेवटची तारीख बघितली. मार्गशीर्षातली. त्यापुढे फोल्डर रिकामं होतं.

मल्हार फौजदारांना सांगत होता, ही पाच ह्याच मेंढ्यांची, ह्या पट्टेवालीची ही, त्या काळतोंडीची ही. फौजदार म्हणाले, मग सोडा आयांजवळ, ओळखतील. पण चार महिन्यांची कोकरं, दूध कधीच तुटलेलं. ती आयांकडे ढुंकूनही न बघता चाऱ्यात तोंड घालून उभी राहिली. फौजदार माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, नऊ लिहून घेतो, पाचांना माझ्याकडे आधार नाही. व्यापाऱ्याच्या माणसांनी पाचही उचलून ट्रकात चढवली.

"मल्हारकडं दे फोन," जोतीराम म्हणाले.

मल्हारचा घामेजलेला चेहरा पडद्यावर आला. "नऊ घावली दादा. तुझ्यामुळं घावली."

"ऐक माझं. नेट बिघडलं न्हवतं. मी बंद केलंवतं. मुद्दाम. रथाच्या दिवशी." जोतीरामांनी लॅपटॉपवरची ती शेवटची तारीख पुन्हा बघितली. "ती पाच माझ्यामुळं गेली, मल्हारी."

मल्हारने पटक्याच्या शेवाने तोंड पुसलं.

"मला ठावं हाय," तो म्हणाला. "पोरीनं दुसऱ्याच दिवशी सांगितलंवतं. तुला फोन लावत हुती, मीच नगं म्हणलं. म्हणलं, चारचौघांत मीच दादाला बोललो. त्याचा राग गेला की त्यो आपसूक उघडंल, आपुन इचारायचं न्हाई."

"आरं मग..."

"रोज सांजला बघायची ती, उघडलं का म्हणून. मी मेंढरं कोंडून आलो की आदी तिला त्येच इचारायचो."

मागे ट्रक सुरू झाला. मल्हारने मान वळवून तो बाजाराबाहेर पडेपर्यंत बघितला आणि म्हणाला, "ठेवतो दादा, ह्या मेंढरांस्नी पाणी दावायचंय." पडदा काळा झाला. मंगलने जोतीरामांच्या हातातून फोन काढून घेतला, आणि ते लॅपटॉपसमोर बसल्या बसल्या, तोंडावर टॉवेल धरून, लहान पोरासारखे रडायला लागले.