मालेपर्यंत गप

“डोळे हायेत का गोट्या रं? एवढा थोरला टेंपो वळतुया, दिसंना व्हय तुला? आँ? आता का बोलंना? बोळा कोंबलाय का तोंडात?”

विकी रस्त्याच्या कडेला मातीत बसला होता. डोक्यावर पेंढा, कॉलरीत पेंढा, हेल्मेटात पेंढा. गुडघा खरचटून पँटीला भोक पडलेलं. स्कूटर शेजारी आडवी, अजून एक चाक गरगर फिरतंय. आणि समोर कमरेवर हात ठेवून हा टेंपोवाला असा बोंबलत होता की बांधापलीकडची म्हैस चरायचं सोडून मान वर करून बघायला लागली.

आता विकी तोरणे म्हंजे काय चीज हाय ते चांद्यात कुणालाबी विचारा. दहावीच्या वर्षी मास्तरांशी वाजलं म्हणून शाळा सोडली ती सोडलीच. लायसन हातात आलं तसा मिळंल ती गाडी चालवायचा, आणि मिळंल त्याच्याशी भांडायचा. भांडण लागलं की जेवायचं विसरायचा. मिस्साच्या उपासनेला आला तरी, चर्च भरायचं त्या शेडच्या बाहेर पार्किंगवरनं कुणाशीतरी जुंपलेली असायची. आई म्हणायची, हे पोरगं स्वर्गात गेलं तरी दारात किल्ल्या घेऊन उभ्या संत पेत्राशी हुज्जत घालील.

असल्या विकीला आत्ता चार उत्तरं सुचली होती. चारी एकापेक्षा एक खमंग. पण तो ओठ आवळून गप बसला. कारण इंदूमावशी.

इंदूमावशी स्कूटरवर त्याच्या मागं बसली होती ती आता पेंढ्याच्या भाऱ्यावर बसली होती. केस पांढरे, साडी पांढरी, त्यात पिवळ्या काड्या. पण पाठ ताठ, आणि एक हात छातीशी घट्ट. त्या हाताखाली गळ्यात अडकवलेला बटवा, बटव्यात पितळी डबी, आणि डबीत सकाळच्या मिस्सात फादरांनी दिलेलं ख्रिस्तशरीर. रुपयाएवढी गोल, कागदाएवढी पातळ, पांढरी भाकर. माले गावात जनार्दन नावाचा आजारी माणूस होता, त्याच्यासाठी.

इंदूमावशी दवाखान्यातनं रिटायर झालेली नर्स. आजाऱ्यांच्या घरी ही भाकर, म्हंजे कम्युनियन, न्यायची बिशपांची परवानगी तिला होती, आणि ती नेताना तिचा एकच नियम होता. डबी गळ्यात पडल्यापासून आजाऱ्याच्या घरी पोचेपर्यंत एक शब्द न्हाई. फोन न्हाई, रामराम न्हाई, भाजीचा भाव न्हाई. “ज्याला घेऊन चाललोय त्याच्यासोबत असायचं,” ती म्हणायची. “त्याला गळ्यात अडकवून गावगप्पा कसल्या?” आणि हा नियम गाडी चालवणाऱ्यालाही लागू होता.

एरवी तिचा नवरा स्कूटर चालवायचा. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मागच्या महिन्यात कुणीच मिळालं न्हाई. मिस्साला येणारे बरेचसे बाहेरगावचे. कुणी केरळचा इंजिनियर, त्याला रस्ता माहीत न्हाई. कुणी झारखंडचा गवंडी, त्याच्याकडं गाडी न्हाई. तिकडं जनार्दन वाट बघत बसला. आजाऱ्याला खायला कसलीच बंदी न्हाई, फादरांनी स्वतः सांगितलेलं. पण म्हातारा जुन्या वळणाचा. प्रभू यायच्या आधी तोंडात घास घालायचा न्हाई म्हंजे न्हाई. संध्याकाळपर्यंत उपाशी राहिला आणि भोवळ येऊन खाटंवरनं खाली पडला.

म्हणून आज फादर मिस्सानंतर विकीपुढं उभे राहिले. “गाडी तुला येते, रस्ता तुला माहिती. तोंडाचं काय करायचं?”

“बंद ठेवतो की फादर. त्यात काय?”

शेडमधली सगळी गायनमंडळी हसली होती. ते हसणं विकीला लई लागलं होतं. त्यानं तिथंच ठरवलं, जीव गेला तरी मालेपर्यंत बोलायचं न्हाई, आणि म्हाताऱ्याला आज उपाशी ठेवायचं न्हाई.

घोटवडे फाट्याला एका कारवाल्यानं कट मारला, गप. कासार आंबोलीपाशी बंगल्यांवर निघालेली पोरं गाणी लावून आडवीतिडवी चालली होती, गप. पौड गेलं. आता मालेच्या फाट्यावर आलो, जितलो, असं वाटतंय तोवर हा पेंढ्याचा टेंपो, ना इंडिकेटर ना हात, एकदम समोरनं उजवीकडं वळला. विकीनं ब्रेक मारला, स्कूटर मातीत घसरली आणि वरनं दोन भारे बदाबदा अंगावर.

“आरं मी तुझ्याशी बोलतुया!” टेंपोवाला जवळ आला. “बाई, तुमी तरी बोला. तुमचंच पोरगं न्हवं ह्ये?”

इंदूमावशीनं हात जोडले. ओठ मिटलेले.

टेंपोवाला बुचकळ्यात पडला. हिच्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं. आवाज जरा उतरला. “बोलता येत न्हाई का काय तुमाला?”

विकीनं रागारागानं मान हलवली. न्हाई!

झालं. त्या माणसाचा चेहराच पालटला. “आरं द्येवा,” तो म्हणला. “मुकं हाय व्हय लेकरू. आन् माय बी.” मग तो खाली बसला आणि मघापेक्षा दुप्पट मोठ्यानं ओरडायला लागला, बहिऱ्याशी ओरडावं तसं, हातवारे करत. “लाऽऽगलं का? गुऽऽडघा? कुटंऽऽ जायाचं? कुऽऽटं?”

शिव्या परवडल्या, असं विकीला झालं. शिव्यांना उत्तर देता येतं, आज न्हाई तर उद्या. पण ह्या कीव करण्याला काय करायचं? तो माणूस त्याच्या डोक्यावरचा पेंढा झाडत होता, पाठीवरनं हात फिरवत होता, आणि विकीच्या कानातनं धूर निघायचा बाकी होता.

इंदूमावशीनं गळ्यातल्या साखळीचा क्रूस काढून दाखवला आणि गावाकडं बोट केलं.

“क्रूस… जनाभाऊ! बंगल्यावरचा वाचमन! त्याच्याकडं?”

तिनं मान डोलावली. मालेत क्रूसवालं घर एकच होतं.

स्कूटर चालू होईना, हँडल वाकडं झालेलं. टेंपोवाल्यानं ती एकट्यानं उचलून पेंढ्यावर टाकली आणि दोघांना आपल्या शेजारी केबिनमध्ये बसवलं. मधी इंदूमावशी, कडेला विकी. गाडी निघते न निघते तोच त्याचा फोन वाजला.

“हां कैलास, पोचतुया. न्हाई रं, राडा झाला जरा. जयवंतची गाडी म्हणल्यावर राडा व्हायचाच. आरं चूक माझीच! इंडिकेटर दिलाच न्हाई. तुझा फोन काढत व्हतो ना खिशातनं. पोरगं बिचारं सरळ चाललं व्हतं. आता आपली चूक म्हणल्यावर आधी आपणच आवाज चढवाय लागतुया, न्हाईतर समोरचा चढतो. पर ह्ये निघालं मुकं. दोघं बी. लई वाईट वाटलं गड्या. ऐकत्यात कुटलं! शेजारीच बसल्यात की.”

विकीच्या हाताच्या मुठी वळल्या. इंदूमावशीनं समोर रस्त्याकडं बघत, मान न वळवता, त्याच्या मुठीवर आपला हात ठेवला आणि दाबून धरला. विकीनं तिच्याकडं चोरून बघितलं. तिच्या गालाला खळी पडली होती. म्हातारी हसू दाबत होती!

बंगल्याच्या मागं जनार्दनची खोली. बायको बंगल्यात पाव्हण्यांच्या स्वैपाकाला गेलेली. पण जाताना तिनं सगळं मांडून ठेवलं होतं. पत्र्याच्या पेटीवर धुतलेला रुमाल, त्यावर क्रूस, मेणबत्ती, वाटीत पाणी. जनार्दन खाटंवर पाठीला उशी लावून बसलेला, दाढी केलेली, पांढऱ्या शर्टाची गळ्यापर्यंत बटणं लावलेली. नवरदेवच जसा.

टेंपोवाल्या जयवंतनं चप्पल बाहेर काढली आणि तो दाराशी उभा राहिला. मुक्या माणसांना सोडून कसं जायचं, काय हवं-नको ते जनाभाऊला समजावून सांगू, असा त्याचा विचार असावा.

इंदूमावशीनं डबी पेटीवर ठेवली, मेणबत्ती लावली, आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणली, “ह्या घराला शांती असो, आणि घरात राहणाऱ्या सगळ्यांना.”

दाराशी धप्पकन आवाज झाला. जयवंत उंबऱ्यावर गुडघ्यावर बसला होता. डोळे एवढाले. तोंड उघडं.

विकीनं त्याच्याकडं बघितलं. ह्याला काय वाटलं असणार ते त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. जनाभाऊच्या घरात पाऊल टाकलं आणि मुकीला वाचा फुटली!

प्रार्थना झाली. शेवटी ‘हे आमच्या स्वर्गातल्या बापा’ ही सगळ्यांनी म्हणायची प्रार्थना म्हणताना विकीचाही आवाज लागला, तेव्हा जयवंतनं दोन्ही कानाच्या पाळ्या धरल्या. “ख्रिस्ताचं शरीर,” इंदूमावशी म्हणली. “आमेन,” म्हणून जनार्दननं ते जिभेवर घेतलं, डोळे मिटले. बराच वेळ खोलीत कुणी हललं न्हाई. बाहेर टेंपोचं इंजिन गार होताना टिकटिक करत होतं तेवढंच. विकीला एरवी असं बसवायचं न्हाई, पाय हलत राहायचे. आज हलले न्हाईत.

मावशीनं डबी पुसली, बटव्यात घातली. रिकामी. आता बोलायला मोकळीक होती. आणि आता जयवंत पुढं सरकला तो थेट मावशीच्या पायाशी.

“माऊली,” तो म्हणला. “मी डोळ्यानं बघितलं. गावात सांगतो. आत्ताच सांगतो समद्यांना.”

विकीच्या डोक्यात चक्र फिरलं. गप बसलं तर हा माणूस पाया पडंल, स्कूटर फुकट नीट करून दील, वर मिरवणूक काढंल. पण उद्या गाव दारात जमंल, आणि हितं राहायचंय ते जनाकाकाला. आणि मुळात ते खोटं. ज्याच्यासाठी एवढा वेळ तोंड दाबून धरलं त्याच्याच नावावर खोटं खपवायचं?

“न्हाई काका,” तो म्हणला. “उठा. आमाला आधीपास्नं बोलता येतंय.”

“आँ?”

“चांगलं येतंय. मला तर लईच.”

जयवंत उठला. “मग मगाशी मान हलवलीस ती?”

“तुमी इचारलं बोलता येत न्हाई का. न्हाईच येत व्हतं. मालेपर्यंत.”

“आन् ऐकू?”

“तेबी येतंय.”

“टेंपोतलं…”

“इंडिकेटरसकट.”

खाटंवरनं विचित्र आवाज आला. जनार्दन हसत होता. आधी नुसतं नाकातनं, मग पोट धरून, मग खाट करकरायला लागली. “जयवंता,” त्याला शब्द फुटंना, “तू… तू विकीला… मुका समजलास? अरे आमच्या चर्चच्या सगळ्या पॅरिशमधी ह्याच्याएवढं तोंडाळ कुणी न्हाई रे!”

जयवंत लाल झाला. “हसताय काय जनाभाऊ? येडा केला मला ह्या पोरानं! तितंच तोंड उघडायला काय झालं व्हतं?”

“येडा मी केला?” विकीचा बांध फुटला. “वळताना फोन काढायचा, वर माझ्याच डोळ्यांना गोट्या म्हणायचं? बोळा म्हणायचं?”

“मग तू बी म्हणायचंस!”

“म्हणणारच व्हतो! चार तयार व्हती!”

“म्हण की मग आता!”

“ऐका मग!”

आणि दोघं असे जुंपले, असे जुंपले की बंगल्यातला एक पाव्हणा गच्चीवरनं डोकावून गेला. इंदूमावशीनं तिकडं लक्षच दिलं न्हाई. तिनं चहा टाकला, टोपल्यातली भाकरी काढली, चुरून दुधात कालवली आणि जनार्दनला भरवायला बसली. म्हातारा खात होता, हसत होता, ठसकत होता, परत खात होता. मधीच तिनं कापूस ओला करून विकीच्या हातात दिला. तो जयवंतनं काढून घेतला आणि भांडता भांडताच विकीचा गुडघा पुसायला लागला.

“हळू! जळतंय!”

“जळंलच. गप बस. म्हंजे, बोल तू, पर हलू नको.” पुसता पुसता तो थांबला. “खरं सांग पोरा. एवढं बोललो मी तुला. का गप बसलास?”

विकी जनार्दनकडं बघायला लागला.

“ते माझ्यासाठी निघाले होते,” जनार्दन म्हणला. “तुझ्याशी भांडत बसला असता तर मी दुपार टळेपर्यंत उपाशी.”

“उपाशी? मला हाक मारायची, घरनं भाकरी दिली असती.”

“ती भाकरी वेगळी, जयवंता.”

जयवंतनं पेटीवरच्या क्रूसाकडं बघितलं, मेणबत्तीकडं बघितलं. “म्हंजे आमी निवद घेऊन निघालो की वाटंत कुणाशी बोलत न्हाई, तसं?”

“तसंच धर.”

“मग ठीक हाय,” जयवंत म्हणला, आणि खरंच त्याचं समाधान झालेलं दिसलं. चहा घेतला. मग बाहेर जाऊन स्कूटर उतरवली, पुढचं चाक मांड्यांत धरून हँडल सरळ केलं आणि किक मारमारून चालू करून दिली. विकी मदत करत होता. त्याला नवल वाटत होतं. एवढं भांडण झालं, पण पोटात जाळ न्हाई. एरवी दोन दिवस जेवण गोड लागत न्हाई, आणि आज सणकून भूक लागली होती. मावशीनं दिलेली भाकरी त्यानं उभ्याउभ्याच संपवली.

“पुढल्या महिन्यात कोण येणार?” खोलीतनं जनार्दननं विचारलं.

इंदूमावशी विकीकडं बघत बसली.

“ह्यालाच आणा,” जयवंत म्हणला. “मी फाट्यावर उभा ऱ्हातो, रस्ता मोकळा करतो. येताना मी बी बोलणार न्हाई. पर जाताना, डबी रिकामी झाल्यावर, त्यो चूक कुणाची त्याचा सोक्षमोक्ष लावायचा. अर्धी तुझी बी व्हती. वेगात व्हतास तू.”

“वेगात? मी? काका, चाळीसच्या वर काटा…” विकी पुढं झाला, आणि खिशात फोन थरथरला. गाडीमालकाचा. चांद्यात पाण्याच्या जारची गाडी भरून उभी होती. त्यानं स्कूटरचं तोंड फिरवलं, मावशीला हात दिला. “येतो पुढल्या महिन्यात. तेव्हा सांगतो वेग कुणाचा व्हता ते. मला निघायचंय आता.”